तुझ्या पानातला मासा

अनसू, काल नदी बंद झाली.

बंद झाली म्हणजे आटली नाही. पाणी वाहतंय, उलट पावसानं वाढलंय. पण ह्या परमुलखातल्या सरकारचा नियम, ऑक्टोबर संपला की डोंगरातल्या त्या नदीत गळ टाकायचा नाही, थेट जून उजाडेपर्यंत. हे तुला मी काय सांगणार? तुला माझ्याआधी ठाऊक होतं. दर वर्षी पानं पिवळी पडायला लागली की मासेमारीच्या गाइडला फोन लाव म्हणून तू सुधीरच्या मागं लागायचीस, "डेलला फोन केलास का रे?" आणि आपला सुधीर लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचा, "करतो गं आई, वीकेंडला करतो."

यंदाही केला त्यानं. तूच करायला लावलास. आणि मग तूच गेलीस.

मला लिहायची सवय नाही. सातवीतनं शाळा सोडलेला माणूस मी, हातात एसटीचं स्टिअरिंग शोभलं, पेन नाही. पण घरात आता बोलायला कुणी राहिलं नाही. म्हणजे माणसं आहेत. सुधीर आहे, सूनबाई मेघना आहे, दोघं माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जेवलात का बाबा, औषध घेतलं का बाबा. पण ज्याच्याशी भांडत बोलावं असं कुणी नाही. आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तुझ्या माघारी ते मी एकट्यानं पुढं नेलं. काय झालं ते तुला सांगायलाच पाहिजे.

तुझा तेरावा झाला. गुरुजी म्हणजे तो जवळचाच एक पोरगा, आठवडाभर कंप्युटरवर बसतो आणि शनिवार-रविवार सोवळं नेसतो. चांगला आहे, मंत्र स्वच्छ म्हणतो. मी त्याला म्हटलं, "गोडाचं झालं. आता तिखटं कुठल्या दिवशी धरू?" तो बघतच राहिला.

"काका, ते आमच्यात नसतं."

"आमच्यात असतं," मी म्हटलं.

गावाला असतो तर विचारावं लागलं नसतं. गेलेल्या माणसाला आवडायचं ते रांधायचं, मासा म्हणा, मटण म्हणा. पहिलं पान त्याचं. मग बाहेरच्या माणसाला जेवू घालायचं. तेव्हा घराचं सुतक उतरतं आणि चुलीवर पुन्हा मासा चढतो. तिकडं हे सगळं भावकी करते. इथं भावकी म्हणजे मी एकटा. मी रविवार धरला. नदीचा शेवटचा दिवस पण तोच, डेलबरोबरची आपली ट्रिप पण त्याच दिवशीची.

सुधीर म्हणाला, "बाबा, ती ट्रिप मी कॅन्सल करतोय."

"कुणाला विचारून?"

"अहो, आई गेलीय. आता कसली फिशिंग ट्रिप? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? तो समोरचा, कुत्रा फिरवणारा?"

"बाबा, प्लीज. तिखट्याला मासा लागतो ना, मी आणतो. त्या चायनीज दुकानात टाकीतला जिवंत ट्राउट मिळतो. डोक्यासकट. क्लीन पण करून देतात."

मी म्हटलं, दुकानातला नको. त्या नदीचा पाहिजे. त्याला कळेना. म्हातारा दुःखानं हट्टाला पेटलाय असं त्याला वाटलं असेल. तुला लगेच कळलं असतं. आपलं भांडण दुकानातल्या माशावरून कधी नव्हतंच.

तुला पहिलं वर्ष आठवतं का? सुधीरला ऑफिसात बक्षीस लागलं होतं, गाइडबरोबर एक दिवस मासेमारी, दोन माणसं. त्याला वेळ नाही, आज-उद्या करत राहिला, शेवटी सीझनचा एकच दिवस उरला. मग म्हणाला, "आई-बाबा, तुम्ही जा, घरी बोअर होता, मी सोडायला येतो." मी म्हटलं, मासे धरायला वाटाड्या कशाला लागतो? तू म्हणालीस, "चला की. नदी तरी बघू. इथं आल्यापासून नळाचं पाणीच बघतेय."

डोंगराच्या पायथ्याला पाऊस लागला. डेल ट्रकपाशी उभा. पांढऱ्या मिशा, चेहरा लाकडासारखा. त्यानं तुझी नऊवारी बघितली आणि सुधीरच्या कानाशी काहीतरी बोलला.

"काय म्हणतो रे तो?"

"आई, तो म्हणतोय तू काठावर बसून बघ."

"त्याला म्हणावं, तू बस."

आणि ट्रकच्या मागं जाऊन तू कासोटा आवळलास, छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार चढवलीस आणि चालत पाण्यात उतरलीस. डेलचं तोंड उघडं राहिलं. सहावारीवाली असती तर काठावरच बसली असती. नऊवारीला दोन पाय असतात, तिच्यावर विजार बरोबर बसली. बर्फाचं पाणी ते, रबरातून सुद्धा हाडं गोठवणारं. तू म्हणालीस, "थंड आहे. पण नदी आहे हो."

कोंबड्याच्या पिसाची, दोऱ्यानं गळावर बांधलेली खोटी माशी. ती पाण्यावर अशी टाकायची की माशाला खरी वाटावी. डेल तुला मनगट फिरवायला शिकवत होता आणि तू त्याचं ऐकतच नव्हतीस. थोड्या वेळानं बघितलं तर दोरी सरळ जायला लागलेली. सुपात भात पाखडतेस तसं तू मनगट मारत होतीस, तेवढंच, जास्त नाही. डेल माझ्याकडं वळून काहीतरी बोलला. सुधीर म्हणाला, "बाबा, तो म्हणतोय त्याची गिऱ्हाईकं दोन-दोन सीझन घालवतात एवढ्यासाठी."

आणि मग मासा लागला. तू ओरडलीस. डेल पाण्यात वाकला, हात ओले केले, मासा हळूच धरून गळ काढला. अंगावर काळे ठिपके, पोटाकडं गुलाबी. तू ओंजळ पुढं केलीस. त्याला वाटलं तू नमस्कार करतेस की काय कोण जाणे, त्यानं मान हलवली आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो, सोडला! सोडला त्या मेल्यानं!"

"अगं, इथं तसंच असतं."

"काय तसंच असतं? मग धरला कशाला?"

परत येताना गाडीत अर्धा रस्ता तू हेच म्हणत होतीस. भूक नसताना गळ टाकायचा, त्याचं तोंड फोडायचं, दमवायचं आणि वर सोडून उपकार करायचे. "ही काय माया झाली? ही चेष्टा झाली." सुधीर हसत होता. मी हसलो नाही. मला डेल पटला होता.

डेलचा नियम, त्याच्याबरोबर आलेल्यानं मासा न्यायचा नाही. काही ठिकाणी सरकारची मनाई असते, काही ठिकाणी नसते, पण डेलची सगळीकडं. त्याच्या लहानपणी माणसं बादल्या भरून मासे न्यायची, त्याचा बाप पण न्यायचा, आणि एक वर्ष असं आलं की नदीत काही उरलं नाही. नंतर कुठं हळूहळू मासा परत आला. हे त्यानं दुसऱ्या वर्षी सांगितलं, तू पाण्यात होतीस आणि मी काठावर घडीच्या खुर्चीत छत्री धरून बसलो होतो. तो आधी लाकडाचे ट्रक चालवायचा. मी एसटीवाला. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण घाटात उतरताना कुठला गिअर हे आम्ही हातानं करून दाखवायचो आणि दोघांना कळायचं. असा माणूस नियम करतो तेव्हा त्याला कारण असतं.

तुला माझा हा स्वभाव कधी आवडला नाही. लग्नाला वर्ष झालं असेल, तू माझ्याच गाडीनं माहेरी चालली होतीस. तुझ्या गावच्या फाट्यावर थांबा नव्हता. तू मागून हाक मारलीस, "अहो, थांबवा ना इथं." मी थांबवली नाही. पुढच्या थांब्यावर उतरवलं आणि तू डोक्यावर ट्रंक घेऊन उलटं चालत गेलीस. कंडक्टर हसला. मी आजही म्हणेन, बरोबर केलं. बायको म्हणून तिथं थांबवली असती तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव फाट्यावर हात दाखवत उभं राहिलं असतं. तुझी आई मात्र मरेपर्यंत मला "थांबा नाहीवाले" म्हणायची.

तर दर वर्षी हेच. शेवटच्या रविवारी नदी, तू पाण्यात, मी खुर्चीत. दर वर्षी मासा लागला की तू डेलला मराठीत सांगायचीस, "एक. एकच दे रे. दुसरं काही मागत नाही." आणि तो हसून, "नो मॅम," आणि मासा पाण्यात. मग तू माझ्याकडं वळायचीस, "तुम्ही तरी सांगा त्याला." मी म्हणायचो, "पाणी त्यांचं, कायदा त्यांचा. आपण पाहुणे."

एकदा त्यावरून तू भडकलीस. डेलच्या समोर, नदीच्या मधोमध उभी राहून. "पाहुणे तुम्ही! माझं पोर इथं आहे, सून इथं आहे. मी इथंच मरणार. पाहुणा कधी दुसऱ्याच्या घरात मरतो का? ज्या नदीचं खाल्लं नाही ती आपली कशी व्हायची?"

"आपली कशाला व्हायला पाहिजे?" मी म्हटलं.

तू परत फिरून दोरी टाकलीस. मनगट एवढं जोरात मारलंस की माशी मागच्या झाडात अडकली. डेल ती काढायला गेला, तोपर्यंत तू पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होतीस. मला वाटलं पावसाचं पाणी. नंतर कधी विचारलं नाही.

आणि तू इथंच मेलीस. म्हणून मी हरलो असं समजू नकोस. मी अजून म्हणतो की आपण पाहुणे. मी तरी आहे. मला ह्या देशात रस्ता ओलांडायला सुद्धा सुधीर लागतो. तुझं वेगळं होतं. तू खालच्या मजल्यावरच्या रशियन बाईशी खुणांनी बोलून तिच्याकडनं बडीशेपेचं रोप आणलंस. बसच्या ड्रायव्हरला राम राम घालायचीस आणि तो तुला हात करायचा. तू नसतीस तर मी ती सगळी वर्षं सोफ्यावर बसून खिडकीतनं पार्किंग बघत काढली असती. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग चला ना फिरायला, सांगताय काय?"

हॉस्पिटलात नळ्या लावल्यावर पण तू त्या नर्सबाईला मराठीत बजावत होतीस, रविवारच्या आत मला सोड म्हणून. कुठला रविवार ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "गप पड." तू म्हणालीस, "तुम्हीच गप पडा. यंदा मी मासा घरी नेणार. डेलला काय करायचं ते करू दे." हे आपलं शेवटचं बोलणं. लोक विचारतात शेवटी काय बोलल्या काकू. मी सांगतो, काही नाही, शांत गेली. त्यांना काय सांगू, मासा म्हणाली म्हणून?

काल पाऊस होता. सुधीर गाडी चालवत होता आणि मी शेजारी. मागची सीट रिकामी. त्यानं डेलला फोनवर सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा डेलनं टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत धरला, तेवढंच. बरं वाटलं. इथं सगळे फार बोलतात. ट्रकमध्ये त्यानं गळाच्या काठ्या लावून ठेवल्या होत्या, तुझी ती छोटी पण. आणि तुझ्या मापाची रबरी विजार पण आणली होती, सवयीनं. माझं लक्ष गेलं तसं त्याच्या लक्षात आलं, आणि ती त्यानं घाईघाईनं सीटच्या मागं कोंबली.

मी सुधीरला म्हटलं, "त्याला सांग, यंदा मी पाण्यात उतरणार. आणि एक मासा मी घरी नेणार. आईच्या पानासाठी."

सुधीरनं सांगितलं. बराच वेळ सांगत होता. डेल ऐकत होता, जमिनीकडं बघत. मग त्यानं मान हलवली.

"बाबा, तो म्हणतोय सॉरी. तो म्हणतोय, त्याला समजतंय, पण एकाला हो म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागतं."

"तू नीट सांगितलंस का?"

"नीटच सांगितलं बाबा. आय कान्ट बेग हिम!" मग म्हणाला, "आणखी पण म्हणतोय. म्हणतोय, आईला नाही म्हणायला दर वर्षी तुम्ही त्याच्याच बाजूनं होतात."

अनसू, मला एवढा राग आला त्याचा. पण माझंच बोलणं होतं ते, त्याच्या तोंडातनं आलेलं. तू असतीस तर कंबरेवर हात ठेवून बघत राहिली असतीस, दोन नियमवाले समोरासमोर.

मी विजार चढवली. पाण्यात उतरलो. खुर्चीतनं बघितलेली नदी आणि पायांना लागणारी नदी एक नसते. ओढ केवढी आहे गं तिला! दगड हलतात पायाखाली. डेल एका हातानं माझा पट्टा धरून उभा होता. एवढी वर्षं तू ह्या पाण्यात सरळ उभी राहून वर माझ्याशी भांडत होतीस हे मला काल कळलं.

दुपार टळेपर्यंत दोन मासे लागले. डेलनं जागा दाखवली, मी टाकली, लागले. दुसरा चांगला वितीपेक्षा मोठा होता. डेलनं तो माझ्या हातात दिला, मला वाटतं मुद्दाम. ओल्या हातात त्याचं गार अंग, कल्ले उघडझाप करतायत. मी नेला असता तर त्यानं काय हिसकावून घेतला असता? नसता घेतला. पण त्याच्या बरोबर आलो होतो, त्याच्या गाडीतल्या काठीनं धरला होता. मी पाण्यात सोडला. तो क्षणभर माझ्या बोटांशीच थांबला आणि गेला. तुझं पान मोकळं राहणार हे तेव्हा मला नक्की झालं. तू गेलीस त्या दिवशी सुद्धा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

"झालं ना बाबा? चला आता, भिजलायत तुम्ही." सुधीर काठावरनं.

ट्रकपाशी आलो. डेलनं काठ्या ठेवल्या. मग डोक्यावरची टोपी काढली, ती धंद्याचं नाव लिहिलेली, आणि गाडीत समोरच्या काचेशी ठेवून दिली. सुधीरला दोन वाक्यं बोलला. सुधीर गोंधळला, पुन्हा विचारलं, मग मला म्हणाला, "बाबा, तो म्हणतोय गाइडचं काम ट्रकपाशी संपतं. आता तो तुमचा गाइड नाही. उजेड अजून आहे. पुलाखालच्या पाण्यात मासा न्यायला सरकारची बंदी नाही, तुमच्याकडे लायसन्स आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो बघत नाहीये."

डेल खरंच पाठ करून ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, बूट सोडत. मी तुझी छोटी काठी उचलली आणि पुलाखाली गेलो. सुधीर छत्री घेऊन मागोमाग. "पाय जपून बाबा. बाबा, तिकडं नको. बाबा, तुम्हाला येतं का हे?" नाहीच येत. पहिली दोरी झुडपात. दुसरी माझ्याच टोपीत. तिसरी पाण्यात पडली पण दगड टाकल्यासारखी, अशा आवाजाला कुठला मासा थांबतो? उजेड कमी होत चालला. एवढ्या वर्षांत काठावर बसून मी सगळं बघितलं आणि त्यातलं हातात काही आलं नाही.

मग मागं दगड वाजले. डेल. विजार काढून टाकलेली, साध्या पँटवर तसाच पाण्यात शिरला, बुटांसकट. माझ्या हातातनं काठी घेतली, एकच दोरी टाकली, पुलाच्या सावलीच्या कडेला. माशी वाहत गेली, पाणी जरा फुटलं, आणि त्यानं काठी माझ्या हातात दिली.

काठी वाकली. दोरी पाणी कापत पळाली. मी नुसता धरून उभा. आणि सुधीर, जो दर वर्षी नदीवर येऊन मोबाइलला रेंज आहे का बघायचा, तो छत्री टाकून पाण्यात आला, माझ्या कोपराला धरून ओरडला, "बाबा, सोडू नका! सोडू नका त्याला!" आणि रडायला लागला. तू गेलीस तेव्हापासून तो रडला नव्हता. सगळे फोन, सगळी कामं त्यानं कोरड्या डोळ्यानं केली. काल तो गुडघाभर पाण्यात उभा राहून पोरासारखा रडला आणि मला त्याला जवळ घ्यायला हात मोकळा नव्हता.

मासा आत आला. डेलनं काठीवरच्या खुणेला लावून बघितला, मापात होता. मग माझ्याकडं बघितलं. मी काय, घरात मासा मारला तो तू, कापला तो तू. मी नुसता जेवलो. डेल समजला. त्यानं एक आखूड लाकूड उचललं आणि एकच टोला मारला. मासा थरथरला, थांबला. डेल तसाच उकिडवा बसून राहिला, हात पाण्यात सोडून. किती वर्षांनी मारला असेल त्यानं, विचारलं नाही. मग उठून म्हणाला, कसा करणार?

मी म्हटलं, "नारळ. आमसूल. तिरफळ."

"तिरफळ काय सांगू बाबा?"

"सांग काहीतरी. आणि जेवायला बोलव त्याला. बाहेरचा माणूस लागतो."

"बाबा, तो नाही यायचा. इथं असं नसतं."

"तू विचार तर."

डेल आला. आपल्या घरी, ओले बूट दारात काढून, त्याच्या ट्रकनं आमच्या मागोमाग.

घरी पोरांची ये-जा चालू होती. काल त्यांचा भुताखेतांचा सण, दारोदारी चॉकलेट मागत फिरतात. कुणी हाडांचा सापळा, कुणी पांढरी चादर पांघरलेलं. मेघना म्हणाली, "बाबा, बाहेरचा लाइट बंद करू का? म्हणजे कोणी बेल वाजवणार नाही."

"असू दे," मी म्हटलं. "आज सगळ्यांनाच येऊ दे."

ती म्हणाली, "मग मासा मी करते. तुम्ही बसा."

मी म्हटलं, मी करणार. तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं आणि बाजूला झाली. एवढा संसार झाला, चुलीशी मी तुझी पाठ तेवढी बघितली. हात काय करतात ते कधी बघितलं नाही. विळी नाही, सुरीनं कापला. डोकं अख्खं ठेवलं, ते तुझं. नारळ वाटला, आमसुलं टाकली, तुझ्या डब्यातली तिरफळं ठेचून घातली. किती घालायची ते कुणाला विचारणार? मीठ अंदाजानं.

तुझं पान तुझ्या खोलीत मांडलं, फोटोसमोर. भात, वाटीत कालवण, कालवणात डोकं. दार लोटून घेतलं आणि बाहेर थांबलो. बेल वाजत होती, मेघना चॉकलेट देत होती. मग दार उघडलं. पान होतं तसं होतं. असणारच. गावाला असलं पान वाहत्या पाण्यात सोडतात. इथं पाण्यात काही टाकायचं नाही. मग ते मी टेबलावर आणलं आणि तुझं पान मीच जेवायला घेतलं. चौघं बसलो.

पहिला घास घेतला. अनसू, त्याला चवच नव्हती. मिळमिळीत. पाण्याचा गोळा जिभेवर ठेवल्यासारखा. डोकं चोखून बघितलं, तू चोखायचीस तसं. त्यातही काही नाही. मी बाकीच्यांकडं बघितलं.

डेल म्हणाला, "गुड. रिअली गुड." ही माणसं सगळ्यालाच गुड म्हणतात.

सुधीर म्हणाला, "मस्त झालंय बाबा. एकदम आईसारखं."

मेघनानं आणखी वाढून घेतलं.

सगळे खोटं बोलत होते, मऊ आवाजात, माझ्यासाठी. मग मला कळणार कसं? मासाच असा बेचव असेल तर मी जिंकलो, ह्या पाण्याच्या माशासाठी तू उगाच भांडलीस. मासा चांगला असेल आणि माझ्या हातानं बिघडला असेल तर तू जिंकलीस. मीठ कमी पडलं, का तिरफळं जुनी झाली होती, का कालवण जास्त उकळलं? एका घासात सांगणारं माणूस घरात एकच होतं.

मी बोटं ताटात ठेवली आणि तुझ्या खोलीच्या दाराकडं बघून मोठ्यानं विचारलं, "काय गं, कसा झालाय?"

डेलनं सुधीरला विचारलं, तुझे वडील काय म्हणाले?

सुधीरनं खाली बघून भात कालवला. ते त्यानं त्याला इंग्रजीत करून सांगितलं नाही.